चिंच, राख आणि चिमटा

नाशिक,
कोजागरीनंतरचा मंगळवार

ती. सुलाआत्यास,

भाची हर्षालीचा वाकून नमस्कार. (साष्टांग घातला असता, पण दुकानात तेवढी जागा नाही. जरा खाली वाकलं की डोकं कुठल्यातरी कॉलेजच्या सूक्ष्मदर्शकावर आपटतं, आणि मग त्या सूक्ष्मदर्शकाची दुरुस्ती माझ्याच माथी येते.) पत्रात वडीलधाऱ्यांना अहो-जाहो करावं असं आप्पांचं म्हणणं आहे. पण तुला 'तुम्ही' म्हटलं की आपल्यामागे कोण उभं आहे ते तू वळून बघशील, म्हणून 'तू'च लिहिते. तुझा गुडघा कसा आहे? चाळीत साठवलेल्या कांद्याला कोंब फुटले नाहीत ना? आणि नवा चष्मा मिळाला का? मिळाला असेल तर हे पत्र स्वतः वाच. मिळाला नसेल तर रुद्रकडून वाचून घे, पण कृपा करून तुझ्या यजमानांच्या, म्हणजे आमच्या मामांच्या, हातात देऊ नकोस. ते मोठ्याने वाचतात आणि तुमच्या गल्लीला माझ्या पत्रात भलताच रस आहे. तुझ्या देवघरात नवरात्रापासून जे नवे देव आले आहेत त्यांनाही माझा नमस्कार सांग. ग्रुपवर फोटो पाहिला. झेंडूच्या ढिगातून नुसतं डोकं वर आलेलं दिसत होतं, पण तेवढ्यावरूनही मला ते फार ओळखीचे वाटले. त्यांच्याविषयी पुढे लिहिते.

फोन सोडून पत्र का, असं तू विचारशील. तर आत्या, फोनवर तू प्रश्न विचारतेस आणि उत्तरही तूच देतेस. मला मध्ये फक्त 'हूं' म्हणायची संधी मिळते, आणि मागच्या वेळी त्या 'हूं'चा अर्थ तू 'रुद्रला पाठवून दे' असा घेतलास. तेव्हा सावकाश लिहिलेलं बरं.

तुझा प्रश्न असा, की बारीक यंत्रं दुरुस्त करायच्या या धंद्याला माणसाच्या अंगी काय काय असावं लागतं, आणि ते सगळं रुद्रच्या अंगी आहे असं मी माझ्या उस्तादांना, मुझफ्फर चाचांना, कधी सांगणार. रुद्र माझा आतेभाऊ, माझा जीव आहे त्याच्यावर. पण त्याने घरचा मिक्सर खोलून परत जोडला तेव्हा मूठभर स्क्रू शिल्लक उरले होते, आणि त्यावर 'बघा, माझ्या पोराने कमी सामानात बसवला' असं कौतुक तू साऱ्या गल्लीत केलंस. आमच्याकडे, आत्या, स्क्रू शिल्लक राहिला तर चाचा जेवत नाहीत. तो कुठला हे सापडेपर्यंत मलाही जेवू देत नाहीत.

भद्रकालीतलं आमचं दुकान तू पाहिलंच आहेस (किती बारकाईने पाहिलंस ते पुढे येईलच). सराफांचे काटे, शाळांचे सूक्ष्मदर्शक, डॉक्टरांची रक्तदाबाची यंत्रं, द्राक्षांची गोडी मोजायच्या नळ्या, असलं सगळं नाजूक सामान आमच्याकडे आजारी होऊन येतं. मी आयटीआयचं प्रमाणपत्र घेऊन पहिल्यांदा गेले तेव्हा चाचांनी ते दोन्ही बाजूंनी वाचलं, छान आहे म्हणाले, आणि त्याची झेरॉक्स मागून घेऊन, घडी करून टेबलाच्या आखूड पायाखाली सरकवली. टेबल तेव्हापासून डुगडुगलेलं नाही, तेव्हा माझं शिक्षण वाया गेलं असं कोणी म्हणू नये. मग त्यांनी माझ्यापुढे दोन वाट्या ठेवल्या, एकीत सुरगाण्याची, मोहरीएवढ्या दाण्याची नागली आणि दुसरी रिकामी. चिमट्याने एकेक दाणा या वाटीतून त्या वाटीत टाकायचा. दाणा उडता कामा नये, चिरडता कामा नये, आणि तोंडातून शिवी येता कामा नये. पहिल्या दोन गोष्टी मला पावसाळ्यापर्यंत जमल्या. तिसरी अजून जमत नाही, पण ती मनातल्या मनात द्यायला चाचांची हरकत नसते.

तो चिमटासुद्धा माझा नव्हे, दुकानाचा. या दुकानाची रीतच अशी आहे, की हात बसला असं उस्तादाला वाटलं म्हणजे तो शागिर्दाला त्याचा स्वतःचा चिमटा देतो, आणि चिमट्याबरोबर स्वतःचं टेबल येतं. चाचांना त्यांच्या वडिलांनी दिला होता. फरहानला, म्हणजे चाचांच्या मुलाला, कधी मिळालाच नाही. तो गाड्यांच्या शोरूममध्ये लागला आणि तिथे खूश आहे. इकडे आप्पांनी मला बजावून ठेवलंय, की दिवाळीपर्यंत टेबल मिळालं तर राहा, नाहीतर गुमान पिंपळगावला ये आणि पॅकहाऊसमध्ये द्राक्षांच्या खोक्यांना चिकटपट्ट्या लावायला बस. आता आप्पा म्हणजे तुझेच भाऊ. त्यांनी एकदा म्हटलं म्हणजे म्हटलं. म्हणून आत्या, या दिवाळीला मला फराळ नको, कपडे नकोत. मला तो चिमटा हवाय. रात्री स्वप्नातसुद्धा मला तोच दिसतो, आणि स्वप्नातही तो दुसरंच कोणीतरी घेऊन जातं.

तर अंगी काय लागतं? आधी श्वास. नाजूक काट्यासमोर माणसाने श्वास घेतल्यासारखं करायचं आणि सोडायचा मात्र बाजूला वळून. पंखा वर्ज्य. उन्हाळ्यात सगळं नाशिक कुलरसमोर बसलेलं असतं तेव्हा आम्ही दोघं दारं लावून, घामाने निथळत, एकमेकांकडे रागाने बघत बसतो. चाचांना शिंक आली की ते आधी रस्त्यावर जातात, तिथे शिंकतात आणि परत येतात. (एकदा रस्त्यावर गेल्यावर शिंक आलीच नाही, तर ती येईपर्यंत बाहेर थांबले. समोरच्या चपलांच्या दुकानदाराने विचारपूस केली, चहा पाजला.) शेजारी मिसळवाला आहे. त्याचा पोऱ्या पावाचा ट्रे आपटतो तेव्हा आमचे काटे थरथरतात, म्हणून नाजूक वजनं आम्ही मिसळ संपल्यावर करतो. रुद्रला मिसळ किती आवडते ते मला माहीत आहे, म्हणून हे मुद्दाम लिहिलं.

श्वासाच्या खालोखाल लागतं ते समोरच्याची थाप हसू न येता ऐकून घेण्याचं कसब. कोणतंही गिऱ्हाईक यंत्र घेऊन येतं तेव्हा त्याला कोणीही हात लावलेला नसतो, ते कपाटात बसल्याबसल्या आपोआप बिघडलेलं असतं. पिंपळगावच्या एका पॅकहाऊसच्या साहेबांनी गोडी मोजायची नळी आणली. म्हणे कुठलंही द्राक्ष ठेवा, आकडा एकच, आणि तोही भयंकर गोड. कडुलिंबाचा पाला ठेवला तरी गोड. मी काच पुसली तर बोट चिकटलं. बऱ्याच आढ्यावेढ्यांनी कळलं, की यंत्र चालतंय का हे बघायला साहेबांनी गणपतीत त्यावर गुलाबजामाचा पाक टाकला होता. पुसायचा राहिला. चाचा मान हलवून 'होतं असं, साहेब' म्हणाले आणि साहेब गेल्यावर टेबलाखाली जाऊन हसले.

आता मुख्य गोष्ट. अष्टमीला माझ्याकडे एक पाहुणी आली होती. तिचं नाव मी लिहीत नाही. ती देवळ्याची. नाशिकला चष्म्याचा नंबर काढायला आली होती आणि दुसऱ्या दिवशी वणीच्या गडावर जाऊन तशीच घरी परतणार होती. (तिचा गुडघाही दुखत होता, पण देवळ्यात गुडघे दुखणाऱ्या पुष्कळ बायका असतील.) चाचा भाचीच्या, म्हणजे अलिशाच्या लग्नाला मालेगावला गेले होते. जाताना त्यांनी मला सांगितलं होतं, की सराफ बाजारातल्या मालनबाईंचा सोन्याचा काटा दसऱ्याच्या आधी द्यायचाय, तो मी एकटीने करायचा, ते मध्ये येणार नाहीत. मला अर्थ कळला. ही माझी परीक्षा होती.

खंडेनवमीच्या सकाळी मला एक सूक्ष्मदर्शक कॉलेजात पोचवायचा होता, म्हणून पाहुणीला मी दुकानात बसवलं आणि कशालाही हात लावू नकोस असं सांगून गेले. पाहुणीचा स्वभाव असा, की 'हात लावू नकोस' हे तिला 'सांभाळून लाव' असं ऐकू येतं. तिला कपाटात एक लाकडी पेटी दिसली. पेटीत मखमलीच्या खोबणींत चाचांच्या वडिलांपासूनची पितळी वजनं, ज्यांच्यावरून आम्ही बाकीचे सगळे काटे तपासतो. त्या वजनांना आम्ही बोट लावत नाही, चिमट्याने उचलतो, कारण बोटाचा घामसुद्धा त्यांना भारी पडतो. ती काळवंडलेली असतात आणि काळवंडलेलीच ठेवायची असतात. पाहुणीला मात्र भरून आलं. 'हाई काय काळं शे, बाई! खंडेनवमीले बी कोणी घासत नहीत?' असं ती म्हणाल्याचं मिसळवाल्याने ऐकलं, कारण चिंच तिने त्याच्याकडूनच मागून आणली. राखही त्याचीच. मग नळावर बसून तिने एकेक वजन असं घासलं, जशी गौरीची भांडी घासावीत.

एवढ्यावर थांबतं तरी निभावलं असतं. पण मोठ्या वजनांच्या बुडाशी एक भोक असतं आणि त्या भोकात काळं काहीतरी दाबून बसवलेलं असतं. पाहुणीला तो पिढ्यान्‌पिढ्यांचा मळ वाटला (चष्मा अजून व्हायचा होता). तिने अंबाड्यातला आकडा काढला आणि तो मळ कोरून कोरून काढला. आत्या, तो मळ नसतो. ते शिसं असतं. वजन घडवतात तेव्हा ते मुद्दाम जरा हलकं ठेवतात आणि त्या भोकात तोलून तोलून शिसं भरतात, म्हणजे ते नेमकं बरोबर होतं. पाहुणीने वजनांमधला नेमकेपणाच आकड्याने खरवडून मोरीत सोडला. मग प्रत्येक भोकात हळदकुंकू दाबून भरलं, अक्षता टाकल्या, एक झेंडूचं फूल ठेवलं, पेटी मिटली, आणि मी परत आले तेव्हा बाजेवर बसल्यासारखी खुर्चीवर मांडी घालून हात जोडून बसली होती. तिची गडाची बस होती. घाईघाईत मी तिला पोचवलं. जाताना तिने माझ्या डोक्यावरून हात फिरवला आणि दुकानाची पूजा केलीय, आता तुला काही कमी पडणार नाही, म्हणाली. मला बरं वाटलं. खरंच बरं वाटलं.

त्या दुपारी मी पेटी उघडली, दोनशे ग्रॅमचं वजन चिमट्याने उचललं, ते लखलखत होतं, आणि मी गाढव, खूश झाले. उलटं करून बुड काही पाहिलं नाही. मालनबाईंच्या काट्यावर ठेवलं तर काटा कमी दाखवायला लागला. मी म्हटलं, बघा कसा बिघडलाय. काट्याला दम देऊन दोनशे म्हणायला शिकवलं आणि संध्याकाळी अभिमानाने पोचता केला.

दसऱ्याला मालनबाईंच्या दुकानात चमत्कार झाला. लोक आपट्याची पानं वाटत आत येत होते आणि खरं सोनं वजनाला वाढत होतं. एका बाईने मागे तिथेच घेतलेली पाटली सहज ठेवून पाहिली तर ती घेतली त्यापेक्षा जड. दुसरीचं मंगळसूत्र जड. तोळ्यामागे गुंजभर वाढ. बातमी सराफ बाजारातून बाहेर गेली आणि बायका घरून दागिन्यांचे डबे घेऊन आल्या. कोणी म्हणे मुहूर्ताचा गुण, कोणी म्हणे देवीचा. एक आजोबा सोन्याचा दात ठेवून बघायला तयार झाले होते, पण तो निघेना. मालनबाई आधी हात जोडून सगळ्यांचे नमस्कार घेत होत्या. मग त्यांनी स्वतःची नथ काढून ठेवली. ती नथ सासूबाईंनी दिलेली, तिचं वजन त्यांना स्वतःच्या नावापेक्षा पक्कं पाठ. नथही वाढली होती. तिथे बाईंची भक्ती संपली.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या काटा काखेत मारून आमच्या दारात उभ्या, आणि नेमके चाचा मालेगावहून लग्नाचे लाडू घेऊन आलेले. मालनबाई जे बोलल्या ते इथे लिहिण्यासारखं नाही (मामा मोठ्याने वाचतात). चाचांनी काट्याकडे पाहिलंसुद्धा नाही. त्यांनी पेटी उघडली. ती चमक बघून त्यांचा चेहरा उतरला. दोनशेचं वजन उलटं करून बुड चिमट्याने टोचलं आणि त्यातून टेबलावर कुंकू पडलं. झेंडूच्या फुलाखालची एक खोबणी तर अगदीच रिकामी निघाली. शंभर ग्रॅम बेपत्ता.

'कोणी केलं?' चाचांनी विचारलं.

'मी केलं,' मी म्हटलं. पाहुणी आपली, दुकान परकं. दुसरं काय म्हणणार होते?

चाचांनी माझ्याकडे पाहिलं. 'बेटी, तू स्वतःचा चहाचा कप कधी विसळला नाहीस. तू वजनं घासणार?'

मालनबाईसुद्धा हसल्या. मला रडू आलं ते आलंच. मग चाचांनी पाहुणीबद्दल एक अवाक्षर विचारलं नाही. पाहुण्याने प्रेमाने केलं, त्याची तक्रार नाही, एवढंच म्हणाले. चूक माझी ती वेगळीच. काट्यावर शंका घेतलीस, हातातल्या वजनावर का घेतली नाहीस, एवढं त्यांनी विचारलं. मालनबाईंचा काटा त्यांनी मित्राची वजनं आणून दुरुस्त करून दिला. बाईंनी दसऱ्याची सगळी गिऱ्हाइकं परत बोलावून सोनं पुन्हा तोलून दिलं. सोनं वाढलं तेव्हा एकानेही तक्रार केली नव्हती, ते जागेवर आलं तेव्हा मात्र बाजारात भांडणं झाली.

तेव्हापासून मी शिसं भरते आहे. मित्राचं वजन एका पारड्यात, आपलं दुसऱ्यात, आणि शिशाचा कण चिमट्याने भोकात टाकायचा, ठोकायचा, तोलायचा, जास्त झाला तर खरवडायचा. पुन्हा टाकायचा. नागली यापुढे पोरखेळ होती. सगळी झाली की सरकारी तपासणीला जाऊन शिक्का घेऊन यायची. चाचांनी त्याच दिवशी सांगून टाकलं होतं: 'पेटी पुरी भरेल, त्या दिवशी चिमटा तुझा.' काल पन्नासचं वजन तंतोतंत बसलं. चाचांनी चहा मागवला, आणि प्यायल्यावर माझा कप त्यांनी स्वतः विसळला.

आता फक्त शंभरची खोबणी रिकामी आहे. आम्ही कपाट हलवलं, मोरीत हात घातला. चाचांचा मिसळवाल्यावर संशय आहे, शेव त्या वजनाने तोलतो म्हणतात, आणि दोघांचं बोलणं बंद आहे. मला मात्र ते कुठे आहे याची थोडी कल्पना आहे.

तर रुद्रचं असं आहे, की हात मी बसवीन, श्वास चाचा बसवतील, पण ज्याच्यावर विश्वास ठेवून आपण दुसऱ्याला खोटं ठरवतो ते आधी उलटं करून बघण्याची सवय ज्याची त्यालाच लावून घ्यावी लागते. मला ती महाग पडून लागली. मामांना नमस्कार, रुद्रला आशीर्वाद (मी त्याच्याहून मोठी आहे हे तो विसरतो). गुडघ्याला तेल लावत जा. लोभ आहेच, तो कुठल्याही काट्यावर तोलू नकोस.

तुझी,
हर्षाली

ता. क. : देवघरातल्या नव्या देवांविषयी. गडावरून घरी गेल्यावर कुंकवाच्या करंड्याजवळ पिशवीत ते सापडले आणि 'देवीनी माले दिधं' म्हणून तू त्यांची स्थापना केलीस, हे फोनवर ऐकलं होतं. कपाळावर शंभर लिहिलंय म्हणजे शतायुषी होण्याचा आशीर्वाद, आणि शंभरपुढचा इंग्रजी जी म्हणजे गड, असं रुद्रने तुला समजावलं तेही ऐकलं. आत्या, तो फोटो मी मोठा करून पाहिला. तो जी गडाचा नव्हे, ग्रॅमचा आहे. त्यांना झेंडूतून काढून जरा उलटं करून बघ. बुडाशी भोक आहे आणि त्यात तूच भरलेलं कुंकू आहे.

ता. क. दुसरा : ते रुद्रबरोबर दिवाळीच्या आत पाठव. मऊ धुवट मलमलीत गुंडाळून, बोट न लावता. (सांडशी वापरू नकोस.) त्याने ते वाटेत उघडून न बघता आणलं, तर त्याच्यापुढे नागलीची वाटी मी स्वतः ठेवीन. गल्लीत विचारलं तर देव नाशिकला नोकरीला लागले म्हणून सांग, खोटं होणार नाही. मिसळवाल्याची माफी मी मागेन.

ता. क. शेवटचा : रोज दुधाचा अभिषेक करून तू त्यांच्यापुढे काय मागतेस ते रुद्रने मला सांगितलं. 'मनी पोरना हात बसू दे.' रुद्रचा नव्हे, माझा. ते ऐकून मी पेटीशेजारी बसून खूप रडले, चाचांनी मला शिंकायला पाठवतात तसं बाहेर पाठवलं. आत्या, हात बसतोय. वजन परत दे, मागणं मात्र मागे घेऊ नकोस. आणि पाया पडते, पाठवण्याआधी घासू नकोस.